माकडाला नाव, झाडाला आकडा

कर्नाटकात शरावती नदीवर, तळकळले आणि गेरुसोप्पा या दोन जलाशयांच्या दरम्यान २,००० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प, म्हणजे खालचे पाणी पंपाने वर चढवून ठेवायचे आणि गरज पडेल तेव्हा खाली सोडून वीज करायची असा प्रकल्प, उभारायचा प्रस्ताव आहे. ही जागा शरावती खोऱ्यातल्या सिंहपुच्छ माकड अभयारण्यात येते, त्यामुळे विरोधही जोरदार आहे. या वादातल्या बातम्या आणि निवेदने वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. माकडाबद्दल बोलले जाते ते नावानिशी. त्याची जात कोणती, ते कुठल्या रानात सापडते, काय खाते, उरले किती, हे सगळे सांगितले जाते. झाडांबद्दल मात्र ‘इतकी हजार झाडे तोडली जाणार’ एवढ्यावर भागते. ती कुठली झाडे, त्यांतले कुठले दुसरीकडे मिळते आणि कुठले नाही, कुठल्याखाली रोपे उगवताहेत आणि कुठले आपल्या वंशातले शेवटचे ठरणार आहे, हे ना समर्थक विचारतात ना बहुतेक विरोधक.

हा भेद केवळ बोलण्यातला असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. तो कायद्यात आहे, सरकारी हिशोबात आहे आणि निसर्गावर प्रेम करणाऱ्यांच्या मनातही घर करून बसला आहे. सिंहपुच्छ माकड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. ते माकड अभयारण्यात असो, चहाच्या मळ्यात असो की रस्त्याच्या कडेला, कायदा त्याच्या मागोमाग जातो. झाडाचे तसे नाही. राष्ट्रीय उद्यानातले झाड सुरक्षित असते ते उद्यानाच्या हद्दीमुळे. हद्दीच्या पलीकडे त्याच जातीचे, तितकेच जुने झाड कुणाच्या तरी मालकीचे लाकूड होते. माकडाला त्याची जात वाचवते आणि झाडाला त्याखालची जमीन.

माझे म्हणणे असे, की झाडाच्या जातीलाही माकडाच्या जातीइतक्याच गांभीर्याने नावानिशी ओळखले पाहिजे, मोजले पाहिजे आणि राखले पाहिजे. ‘जंगल वाचले की झाडे वाचतात’ आणि ‘माकड वाचले की जंगल वाचते’ या दोन्ही समजुतींत तथ्य आहे, पण त्यांच्यावर विसंबून राहण्याइतके नाही. हे पटवण्यासाठी एका माकडाची आणि एका झाडाची शेजारी शेजारी ठेवून तुलना करणे मला सर्वांत सोयीचे वाटते. माकड अर्थातच सिंहपुच्छ. झाड कुलेनिया एक्झारिलाटा, ज्याला मल्याळममध्ये वेडिप्लावु म्हणतात.

सिंहपुच्छ माकड जगात फक्त पश्चिम घाटात आढळते. तमिळनाडूतल्या कळक्काडच्या डोंगरांपासून उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अघनाशिनी-शरावतीच्या रानांपर्यंत त्याचा तुटक तुटक पसारा आहे. अंग काळेभोर, चेहऱ्याभोवती राखाडी-पांढरी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. दक्षिण भारतात सर्रास दिसणाऱ्या बोनेट माकडासारखे ते माणसाच्या वस्तीला सरावलेले नाही. त्याचे सगळे आयुष्य सदाहरित जंगलाच्या वरच्या छतात जाते आणि नाइलाज झाल्याखेरीज ते जमिनीवर उतरत नाही. पंधरा-वीस जणांची टोळी आणि त्यात बहुधा एकच मोठा नर. मादी सहा-सात वर्षांची झाल्यावर तिला पहिले पिल्लू होते आणि दोन पिल्लांत अडीच-तीन वर्षांचे अंतर राहते. म्हणजे दहा-पंधरा माकडे मेली तर ती तूट भरून यायला एक पिढी जाते. रानातली त्यांची एकूण संख्या चार हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी धरली जाते.

कुलेनियाचा इलाखा त्याच घाटाच्या दक्षिण भागात, साधारण सहाशे ते चौदाशे मीटर उंचीवरच्या पावसाळी जंगलात आहे. हे झाड तीस मीटर आणि त्याहूनही उंच वाढते. नात्याने ते आग्नेय आशियातल्या डुरियान या काटेरी फळाच्या झाडाच्या जवळचे. वनस्पतिशास्त्रज्ञ या उंचीवरच्या जंगलाला ओळखतातच मुळी कुलेनिया, मेसुआ आणि पॅलाक्वियम या तीन झाडांच्या जोडनावाने, आणि अनेक ठिकाणी त्यांत कुलेनियाचाच वरचष्मा असतो. त्याची फुले पानांच्या टोकाशी न येता थेट जाडजूड फांद्यांवर घोसांनी लगडतात. त्यांना पाकळ्या नसतात. जे दिसते तो मांसल, नळीसारखा पुष्पकोश. हा बहर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या महिन्यांत येतो, जेव्हा रानात इतर फळांची वानवा असते. तेव्हा ही फुले खायला सिंहपुच्छ माकडे येतात, निलगिरी वानर येतात, शेकरू येते, रात्री उदमांजर येते. फळवाघळेही येतात. कळक्काड-मुंडनथुराईच्या रानात काकाची येथे झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की इतक्या खाणाऱ्यांमध्ये परागीभवनाचे मुख्य काम ही वाघळेच करतात. पुढे फळ धरते ते लहानशा फणसासारखे, पण काटे असे की हात लावायची हिंमत होऊ नये.

ते काटे माकडाला अडवू शकत नाहीत. ते कोवळे, अजून न पिकलेले फळ फोडते आणि आतल्या बिया खाते. या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्याकडे निसर्गाविषयी लिहिताना सगळे एकमेकांना सांभाळतात असे चित्र रंगवायची सवय आहे. झाड माकडाला फळ देते आणि माकड झाडाचे बी पसरवते, म्हणून दोघांनाही वाचवा, असे सांगितले की ऐकणाऱ्याला बरे वाटते. काही झाडांच्या बाबतीत हे खरेही आहे. माकड गालाच्या पिशव्यांत फळे भरून नेते, दूर जाऊन चोखते आणि बी थुंकते, त्याचा त्या झाडांना फायदा होतो. पण कुलेनियाचे बी माकडाच्या दातांखाली गेले की त्याचे रोप व्हायचे नाही. तेवढ्यापुरते माकड हे या झाडाचे नुकसान करणारे जनावर आहे. तरीही दोघे हजारो वर्षे एकाच रानात नांदत आले, कारण झाडे पुष्कळ होती, फळे पुष्कळ होती, आणि माकडांचे पोट भरूनही काही बिया खाली पडत होत्या. हा तोल झाडांच्या संख्येवर उभा आहे. झाडे विरळ झाली आणि टोळी त्याच तुकड्यात कोंडली गेली, तर तो किती काळ टिकेल याची चिंता वाटायला हवी.

म्हणूनच माकडाच्या उपयोगावरून झाडाची किंमत ठरवणे मला चुकीचे वाटते. झाडाच्या उपयोगावरून माकडाची किंमत ठरवणेही तितकेच चुकीचे. कुलेनिया वाचवायचे ते ‘दुर्मीळ माकडाचे अन्न’ म्हणून नव्हे. ते स्वतः एक जात आहे, लाखो वर्षांच्या उत्क्रांतीतून आलेली, आणि पश्चिम घाटातून गेली तर तिची जागा दुसरी कुठलीही जात घेणार नाही.

या दोघांची नावे ज्या जागेमुळे जोडली गेली ती जागा म्हणजे केरळमधली सायलेंट व्हॅली. कुंतीपुळा नदीवर धरण बांधायच्या योजनेला १९७३ मध्ये योजना आयोगाने मान्यता दिली. धरण झाले असते तर सुमारे ८३० हेक्टर अस्पर्श सदाहरित जंगल पाण्याखाली गेले असते. त्याच दशकात सिंहपुच्छ माकडांवरचे क्षेत्रीय अभ्यास प्रसिद्ध होऊ लागले होते, आणि १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या माकडांचा अधिवास राखावा असा ठराव केला. केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेने विजेचा हिशोब लोकांपुढे मांडला. माकडे हवीत की वीज, असा सवाल समर्थकांनी केला, आणि तेव्हापासून माकड या लढ्याचा चेहरा झाले. शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या समितीने १९८३ मध्ये अहवाल दिला, योजना बारगळली, आणि १५ नोव्हेंबर १९८४ रोजी सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली.

या इतिहासातली एक बाब फारशी सांगितली जात नाही, ती मला महत्त्वाची वाटते. त्या चळवळीच्या सभांमधून जी कविता वाचली जायची, ती मल्याळम कवयित्री सुगतकुमारी यांची होती आणि ती झाडाची स्तुती करणारी होती. म्हणजे लोकांच्या मनात झाड होते. ठरावात, अहवालात आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात पोचेपर्यंत त्याची जागा माकडाने घेतली. यात कुणाचा कावा नव्हता. माकडाला चेहरा आहे, डोळे आहेत, छातीशी धरलेले पिल्लू आहे. ते पाहिल्यावर माणसाच्या मनात जे हलते ते खोडाकडे पाहून हलत नाही. चळवळीला विजय मिळवून देणारी निवड म्हणून ती योग्यच होती, आणि ज्यांनी ती केली त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

मग हरकत कुठे? हरकत अशी, की एका ठिकाणी यशस्वी झालेल्या डावपेचाला आपण नियम करून टाकले. मोठा, देखणा प्राणी वाचवा, त्याच्या सावलीत बाकी सगळे वाचेल. हा नियम कुठे मोडतो हे पाहायचे असेल तर तमिळनाडूत अण्णामलै डोंगरातल्या वालपारै पठारावर जावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथले जंगल तोडून चहा आणि कॉफीचे मळे झाले, आणि मळ्यांच्या मध्ये जंगलाचे तुकडे राहिले. त्यांतला पुदुतोट्टमचा तुकडा शंभर हेक्टरांहूनही लहान आहे, आणि तरी तिथे शंभराहून अधिक सिंहपुच्छ माकडे राहतात. मोठ्या अखंड जंगलातही इतकी दाटी आढळत नाही. आकडा पाहून कुणालाही वाटेल की इथे सगळे आलबेल आहे. पण ती माकडे रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडतात, म्हणून त्यांच्यासाठी झाडांना दोर आणि पट्टे बांधून पूल करावे लागले. ती कॉफी खातात, पेरू खातात, घरांत शिरतात, कचरा उपसतात. आणि सावलीसाठी लावलेल्या मेसॉप्सिस या आफ्रिकी झाडाची फळे खाऊन त्याचेच बी त्या तुकड्यांत पसरवतात. म्हणजे माकड तगून आहे आणि त्याच्या पायाखालचे जंगल हळूहळू दुसरेच कुठले तरी होत चालले आहे. माकडांची गणना करणाऱ्याच्या वहीत हे दिसणार नाही.

याच्या नेमके उलटही घडले आहे. कोडगूच्या काही रानांत सदाहरित झाडे जशीच्या तशी उभी आहेत, पण शिकारीमुळे सिंहपुच्छ माकड तिथून नाहीसे झाले. झाडांवर लक्ष ठेवणाऱ्याला तिथे काही बिघडलेले दिसायचे नाही. या दोन उदाहरणांवरून मी एवढाच निष्कर्ष काढते, की एकाची खुशाली ही दुसऱ्याच्या खुशालीची खूण मानता येत नाही. दोघांची विचारपूस स्वतंत्रपणेच करावी लागेल.

आणि झाडाची विचारपूस माकडापेक्षा कठीण आहे, ती काळामुळे. माकडांची टोळी संपत चालली तर पाच-दहा वर्षांत ध्यानात येते. माद्या कमी दिसतात, पिल्ले दिसत नाहीत, हाळी ऐकू येत नाही. झाड मात्र संपून गेल्यावरही उभे असते. एखाद्या मळ्याच्या कडेला शंभर-दीडशे वर्षांचा वृक्ष दरवर्षी फुलतो, त्याला फळे येतात, पाहणाऱ्याला तो सुदृढ वाटतो. पण खाली एकही रोप नसते. खाली पडलेले बी तण काढताना उपटले गेले, किंवा उन्हाने सुकले, किंवा परागीभवन करणारी वाघळेच त्या बाजूला फिरकेनाशी झाली. असे झाड अजून शतकभर जगेल आणि मग एकाएकी, कुणी कुऱ्हाड न चालवताही, त्या जागेतून ती जात पुसली जाईल. दोष द्यायला तेव्हा समोर कुणी नसेल, कारण नुकसान झाले ते शंभर वर्षांपूर्वी. वर्षावनातल्या बहुतेक मोठ्या बिया सुकवून डब्यात भरून ठेवता येत नाहीत. त्या ओल्या असतानाच मातीत जाव्या लागतात. मग पुढे सावकाशीने काही करू म्हणायलाही फारशी जागा उरत नाही.

आता सरकारी हिशोबाकडे येते. देशाच्या वनस्थिती अहवालात एक हेक्टरपेक्षा मोठ्या जमिनीवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असले की ते वनाच्छादन. झाड कुठल्या जातीचे आणि जमीन कुणाची याला तिथे महत्त्व नाही. रबराची लागवड, निलगिरीची लागवड, ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड, आंब्याची बाग आणि कुलेनियाचे जंगल उपग्रहाच्या त्या मोजणीत एकाच रांगेत बसतात. विकासकामासाठी वनजमीन वळवायची असेल तर प्रस्तावाला तोडायच्या झाडांची जातवार यादी जोडावी लागते, हे खरे. पण भरपाईचा हिशोब सुरू झाला की ती यादी गळून पडते आणि उरतात ते हेक्टर आणि रोपे. भरपाई दुसऱ्या डोंगरात, दुसऱ्या जिल्ह्यात, वेगळ्या मातीत आणि वेगळ्या जातींनी झाली तरी कागद पूर्ण होतो. माकडाच्या बाबतीत असे कुणी सुचवून पाहावे. पश्चिम घाटातली वीस सिंहपुच्छ माकडे गेली, त्याबदली आम्ही पठारावर दोनशे बोनेट माकडे सोडली, असे एखाद्या खात्याने लिहून दिले तर देशभर संताप उसळेल. झाडांबाबत हेच वर्षानुवर्षे लिहून दिले जाते आणि आपण रोपांचा आकडा पाहून समाधान मानतो.

महाराष्ट्रही याला अपवाद नाही. २०१६ मध्ये दोन कोटी, मग चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी, अशी वृक्षलागवडीची मोहीम राज्याने राबवली. तिचे यश मोजले गेले ते कोटींत. त्या रोपांत किती जाती होत्या, त्या कुठल्या जागेच्या मूळच्या होत्या, याची चर्चा गावोगावच्या फलकांवर दिसली नाही. शहरांसाठीच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणण्यात आले. असे झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावायची. पाऊल चांगले आहे, त्याचे स्वागतच. पण तिथेही वय मोजले गेले, जात मोजली गेली नाही. जात आपल्या कायद्याला दिसते ती बहुतेकदा उपयोगापुरती. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह, आंबा, फणस, हिरडा अशी नावे आहेत. लाकूड, तेल, फळ, औषध. ज्यांचा बाजारात भाव नाही अशा रानझाडांना यादीत शिरायला वाव फारसा नाही. वन्यजीव कायद्यात वनस्पतींसाठी वेगळी अनुसूची आली तीच १९९१ मध्ये आणि सहा नोंदींसह. त्यांत ‘कुठ’ ही औषधी वनस्पती होती, घटपर्णी होती, ऑर्किडे होती, एक सायकस होता. वर्षावनाचे छत ज्यांनी पेलून धरले आहे असा एकही महावृक्ष नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने यादी वाढवली, तरी प्राण्यांच्या यादीपुढे ती अजून तोकडीच आहे.

हे सारे एका कुलेनियासाठी चालले आहे असे कुणाला वाटू नये. कुलेनिया निदान दक्षिणेकडच्या रानांत पुष्कळ आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दापूर तालुक्यात कत्तलेकान नावाचे रान आहे. तिथल्या गोड्या पाण्याच्या दलदलीत, जिथे रानजायफळाची झाडे गुडघ्यासारखी वाकलेली मुळे चिखलातून वर काढून उभी असतात, बिब्ब्याच्या प्रजातीतले एक मोठे झाड सापडले. त्याचे शास्त्रीय वर्णन २००० साली प्रसिद्ध झाले: सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. एवढे प्रचंड झाड, आणि विज्ञानाला त्याची ओळख पटायला एकविसावे शतक उंबरठ्यावर यावे लागले. अशा दलदली आता थोड्या राहिल्या आहेत आणि ही झाडेही मोजकीच आहेत. याच टापूत सिंहपुच्छ माकडे आहेत आणि त्यांचे वर्णन सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच केले होते. माकड आणि झाड यांच्याकडे पाहण्यातले अंतर असे सुमारे अडीचशे वर्षांचे भरते.

जगाची अवस्थाही वेगळी नाही. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत झाडांची पहिली जागतिक पाहणी जाहीर झाली. तपासलेल्या ४७,००० हून अधिक जातींपैकी ३८ टक्के, म्हणजे १६,००० हून जास्त, नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. धोक्यातले पक्षी, सस्तन प्राणी, सरपटणारे प्राणी आणि उभयचर यांची बेरीज केली तरी ती या संख्येच्या निम्मीही भरत नाही. वाघ, हत्ती, माकड, माळढोक यांच्यासाठी आपण जे करतो ते कमीच आहे, त्यातून काही काढून झाडांना द्या असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्यावर संकट सर्वांत मोठे आहे त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी लक्ष यावे, याचे समर्थन मला कुठल्याही बाजूने करता येत नाही.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. माकड कुणाच्या मालकीचे नसते, झाड असते. उद्या एखाद्या जातीचे नाव संरक्षित यादीत आले, की ज्याच्या बांधावर ते झाड आहे तो शेतकरी धास्तावतो. परवानग्या, चौकश्या, हेलपाटे. मग तो मोठे झाड राहू देईल कदाचित, पण नवे रोप उगवलेले दिसले की कुणाच्या नजरेत येण्याआधी उपटून टाकेल. धाकाने राखलेली जात अशीच आतून पोखरली जाते. कोकण आणि घाटमाथ्यावर खासगी रानांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.

याचे उत्तर मला उत्तर कन्नडच्या उप्पागेमध्ये दिसते. कोकमाच्या प्रजातीतले हे झाड. त्या भागात कुलेनिया नाही, त्यामुळे तिथली माकडे उप्पागे, फणस, भेरली माड, उंबर-वडाच्या जातीची झाडे यांवर जगतात. १९९० च्या दशकात वजन कमी करणाऱ्या औषधांसाठी उप्पागेच्या सालीला परदेशातून मागणी आली आणि भाव चढले. आपल्याआधी दुसरा काढून नेईल या भीतीने लोक कच्ची फळे काढू लागले, त्यासाठी फांद्या छाटू लागले. माकडांच्या तोंडचा घास गेला आणि झाडांचीही हानी झाली. सरळ बंदी घालावी असे वाटण्याजोगी ही परिस्थिती. पण बंदी घातली असती तर ज्या कुटुंबांना पावसाळ्यात त्या सालीवर चार पैसे मिळतात त्यांच्या लेखी उप्पागेचे झाड निरुपयोगी झाले असते. शहाणपणाचा मार्ग म्हणजे कुठल्या गावाने कुठल्या रानातून गोळा करायचे ते हक्काने ठरवून देणे, फळ पिकेपर्यंत थांबणाऱ्याला ते मिळेलच याची हमी देणे, आणि काही फळे झाडावर सोडायचा नियम गावानेच करणे. वनहक्क कायदा, २००६ मधल्या सामूहिक हक्कांत याला आधार आहे. नावानिशी राखणे याचा अर्थ मी असा घेते. प्रत्येक जातीचा स्वभाव, तिचा उपयोग, तिच्यावर पोट असणारी माणसे आणि जनावरे हे सगळे ध्यानात घेऊन त्या जातीपुरता वेगळा नियम करायचा. एकच दंडुका सगळ्यांवर उगारून हे साधायचे नाही.

साधने नाहीत असेही नाही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३८ खाली नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या जाती सरकारला अधिसूचित करता येतात, आणि त्यात वनस्पती आणि प्राणी असा भेद नाही. कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळे जाहीर करता येतात. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे येथे रानजायफळाची एक चिमुकली दलदल आहे. शतकानुशतके ती देवराई म्हणून टिकली, आणि राज्याने तिला वारसा स्थळाचा दर्जा दिला. तिथे ना वाघाचा दाखला द्यावा लागला ना माकडाचा. झाडे आणि त्यांची दलदल एवढेच कारण पुरले. महाराष्ट्राला हे एकदा जमले, तर पुन्हा जमायला हरकत नसावी.

याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर देशभर लाखो नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या, आणि अनेक वह्यांत तालुक्याची एकच यादी गावागणिक उतरवलेली दिसते. त्या पुन्हा लिहायला घ्याव्यात. रानात जाणारी, गुरे राखणारी, हिरडा-शिकेकाई गोळा करणारी माणसे सोबत घेऊन प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतल्या दहा-बारा दुर्मीळ जातींची झाडे निवडावीत. ती कुठे आहेत, किती मोठी आहेत, यंदा फुलली का, आणि मुख्य म्हणजे खाली कंबरेएवढी रोपे किती, हे दर पावसाळ्यानंतर लिहावे. प्रकल्पाचा प्रस्ताव आला की ग्रामसभेच्या ठरावासोबत ती पाने जोडली जावीत, आणि भरपाई लागवडीत त्याच जातींची रोपे, त्याच खोऱ्यातल्या बियांपासून वाढवलेली, नसतील तर परवानगी पुढे सरकू नये.